युनिट टेस्ट चालत नाहीत, किंवा चालतात पण काहीच पकडत नाहीत: काय तपासायचं, कुठं थांबायचं

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा तुकडा बरोबर उत्तर देतो का ते तपासणारा छोटा कोड. ती नव्यानं सुरू करणाऱ्यांची गाडी टेस्ट लिहिताना फारशी अडत नाही, चालवताना अडते. कोल्हापुरात दूध संकलन, ऊस बिलं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचा स्टॉक अशी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या टीममध्ये मी काम करतो. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करणारी मुलंही लॅपटॉप घेऊन येतात. कुणी पायथनमध्ये असतो, कुणी जावात, कुणी पीएचपीतला जुना कोड सांभाळतो. तक्रार मात्र तीच: "दादा, टेस्ट चालंनात की!" त्याहून वाईट म्हणजे "सगळं हिरवं आलंय" (म्हणजे सगळ्या टेस्ट पास) असं सांगतात आणि शेतकऱ्याचं बिल चुकलेलं असतं.

वेगवेगळ्या भाषांत तोच दोष दिसतो त्याला कारण आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉकसाठी एसयुनिट केलं, पुढं एरिक गामा यांच्याबरोबर १९९७ मध्ये जेयुनिट आलं, आणि पायथनचं युनिटटेस्ट, पीएचपीयुनिट, एनयुनिट ही सगळी त्याच घराण्यातली. आधी तयारी, मग कोड चालवणं, मग अपेक्षित आणि आलेलं उत्तर ताडून पाहणं, हा साचा सगळीकडे सारखाच. म्हणून निदानाची पद्धत एकदा हातात बसली की भाषा बदलली तरी ती उपयोगी पडते.

या पोस्टमध्ये कमांड आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढं वाचा.

- टेस्ट रनर (टेस्ट शोधून चालवणारं साधन) म्हणतो शून्य टेस्ट सापडल्या, किंवा काही न सांगता बिल्ड यशस्वी दाखवतो.
- कोड मुद्दाम बिघडवला तरी टेस्ट पासच होतात.
- एडिटरच्या बटणावरून टेस्ट चालतात, टर्मिनलमधून "मॉड्यूल सापडलं नाही" असं येतं.
- एकेकटी चालवली तर पास, सगळ्या एकत्र चालवल्या तर फेल.
- तुमच्या मशीनवर पास, सर्व्हरवर किंवा शेजारच्याच्या मशीनवर फेल.
- अपेक्षित ४१.५० आणि आलेलं ४१.५, म्हणून फेल.

पहिली तपासणी: रंग नको, आकडा वाचा

याला दहा सेकंदही लागत नाहीत. रनरच्या शेवटच्या ओळीत किती टेस्ट चालल्या ते लिहिलेलं असतं. तुम्ही सात लिहिल्या असतील आणि पाच चालल्या असतील तर बाकी सगळं सोडून त्या दोन शोधा.

शून्य टेस्टला कोणता रनर काय म्हणतो यात फार फरक आहे. पायथनचा पायटेस्ट स्पष्टपणे शून्य आयटम सांगतो आणि ५ हा एक्झिट कोड (संपताना सिस्टमला दिलेला आकडा, शून्य नसेल तर गडबड) देतो. जावास्क्रिप्टचा जेस्टसुद्धा टेस्ट सापडली नाही म्हणून चूक दाखवतो. पण पायथनचं युनिटटेस्ट ३.१२ आवृत्तीच्या आधी शून्य टेस्ट चालवूनही खाली "ओके" छापायचं. गो फक्त टेस्ट फाइल नाही एवढं नोंदवून पुढं जातं. रस्टचा कार्गो शून्य टेस्ट चालवून निकाल ओके देतो. जावा प्रोजेक्ट बांधणारा मेव्हनही बिल्ड यशस्वी म्हणून सांगतो. त्यामुळं या चौघांत रंगावर किंवा "यशस्वी" या शब्दावर विसंबून राहूच नका.

दोन टेस्ट कमी भरत असतील आणि भाषा पायथन असेल तर आधी कॉपी-पेस्ट तपासा. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन असली तर दुसरं पहिल्याला गुपचूप पुसून टाकतं. काहीच तक्रार येत नाही, फक्त आकडा एकनं कमी होतो. जावा आणि गो असं कंपाइलच होऊ देत नाहीत. जेस्ट वापरत असाल तर एखाद्या टेस्टला लावलेला "ओन्ली" काढायचा राहिला आहे का ते बघा, त्यानं त्या फाइलमधल्या बाकीच्या सगळ्या टेस्ट बाजूला पडतात.

दुसरी तपासणी: टेस्ट मुद्दाम पाडा

ही तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. जी टेस्ट लाल झालेली तुम्ही कधी पाहिलीच नाही, तिच्या हिरव्या रंगाला किंमत नाही.

समजा दूधदर काढणारं फंक्शन आहे. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दिलं की दर येतो. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला जो दर तुम्ही टेस्टमध्ये अपेक्षित धरला आहे, त्यात एक रुपया वाढवा आणि चालवा. फेल झाली तर ठीक. मग अपेक्षित दर पूर्ववत करा आणि आता मूळ फंक्शनमध्ये अधिकचं वजा करून बघा. तीही फेल व्हायला हवी. पहिल्या वेळी फेल आणि दुसऱ्या वेळी पास असेल, तर टेस्ट तुमचा कोड तपासतच नाही. ती जुनी कंपाइल झालेली प्रत, दुसऱ्या फोल्डरमधली फाइल किंवा तुम्हीच बनवलेला खोटा ऑब्जेक्ट तपासते आहे.

दोन्ही वेळा पासच राहिली तर दोष टेस्टच्या आत आहे. नेहमी सापडणारे हे:

पायथनमध्ये "असर्ट" लिहून पुढं कंसात अट, स्वल्पविराम आणि संदेश असं लिहिलं की तो टपल (किमतींचा एकत्र गट) होतो, आणि भरलेला टपल नेहमी खराच धरला जातो. कंस काढा. युनिटटेस्टमध्ये "असर्ट-ट्रू"ला दोन किमती दिल्या की दुसरी किंमत नुसता संदेश ठरते, तुलना होतच नाही. तिथं "असर्ट-इक्वल" हवं.

जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिसचा निकाल तपासताना "अवेट" किंवा "रिटर्न" विसरलं तर टेस्ट उत्तर यायच्या आधीच संपते आणि पास होते. पायथनमध्ये साध्या टेस्टकेसमध्ये असिंक मेथड लिहिली तर तीही प्रत्यक्षात चालत नाही, फक्त एक वॉर्निंग येते. तिथं ३.८ पासून वेगळा असिंक टेस्टकेस आहे, तो घ्या.

कुठल्याही भाषेत "ट्राय-कॅच" घालून चूक गिळली असेल तर ती टेस्ट कधीच पडणार नाही. नवीन मुलं कॅच घालतात कारण कॉलेजात तशी सवय लागलेली असते. टेस्टमध्ये कॅच नको, चूक वर जाऊ द्या, ती पकडणं रनरचं काम आहे.

गोमध्ये निकालाशेजारी "कॅश्ड" दिसलं तर टेस्ट या वेळी चाललेलीच नाही, मागचा निकाल दाखवला आहे. कोड बदललेला नसताना हे बरोबरच आहे. पण शंका असेल तर काउंट बरोबर १ असा पर्याय देऊन चालवा.

तिसरी तपासणी: नाव आणि जागा

रनरला टेस्ट कळते ती नावावरून, फोल्डरवरून किंवा वर लावलेल्या खुणेवरून. तुमचा हेतू त्याला कळत नाही. फुकटातली दुरुस्ती इथंच होते, म्हणून लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे बघा.

पायटेस्टला फाइल "टेस्ट_" नं सुरू होणारी किंवा "_टेस्ट" नं संपणारी लागते, आत फंक्शनचं नाव "टेस्ट"नं सुरू व्हावं लागतं. क्लास असेल तर त्याचं नाव मोठ्या टी-नं "टेस्ट" असं सुरू हवं आणि त्यात इनिट मेथड नको. इनिट असला की पायटेस्ट तो क्लास सोडून देतो. काय सापडलं ते न चालवता बघायचं असेल तर "कलेक्ट-ओन्ली" हा पर्याय आहे.

जावात मेव्हन वापरत असाल तर टेस्ट "एसआरसी, टेस्ट, जावा" या फोल्डरात हवी आणि क्लासचं नाव "टेस्ट"नं सुरू होणारं, किंवा "टेस्ट", "टेस्ट्स", "टेस्टकेस"नं संपणारं हवं. "दूधदरतपासणी" असं छान मराठी नाव दिलेला क्लास एडिटरमध्ये चालेल, मेव्हन त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

गोमध्ये फाइल "_टेस्ट" नं संपावी लागते आणि फंक्शनच्या नावात "टेस्ट"नंतरचं अक्षर स्मॉल चालत नाही. जेस्टला नावात "टेस्ट" किंवा "स्पेक" हवं, नाहीतर फाइल दोन्ही बाजूंनी दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या "टेस्ट्स" फोल्डरात हवी. पीएचपीयुनिट "टेस्ट"नं संपणाऱ्या फाइल शोधतो. एक्सयुनिट डॉट नेटमध्ये क्लास पब्लिक हवा आणि मेथडवर "फॅक्ट"ची खूण हवी.

चौथी तपासणी: रनर, लायब्ररी आणि भाषेची आवृत्ती एकमेकांना ओळखतात का

नाव बरोबर असूनही शून्य येत असेल तर इथं या.

जावात सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष म्हणजे जेयुनिट ४ आणि ५ ची सरमिसळ. एडिटर आपोआप इम्पोर्ट सुचवतो आणि आपण एंटर दाबतो. ४ ची "टेस्ट" खूण "ऑर्ग, जेयुनिट"मधून येते, ५ ची "ऑर्ग, जेयुनिट, ज्युपिटर, एपीआय"मधून. टेस्टची खूण ४ ची आणि तयारीची "बिफोर-ईच" खूण ५ ची अशी भेसळ झाली, की टेस्ट चालते पण तयारीची मेथड चालत नाही. मग नल पॉइंटरची चूक येते आणि माणूस दिवसभर आपल्या कोडमध्ये शोधत बसतो. फाइलच्या वरच्या चार ओळी वाचल्या तर दोन मिनिटांत कळतं. मेव्हनच्या शुअरफायर प्लगइनला २.२२.० पासून जेयुनिट ५ थेट कळतं. कुठून तरी जुनी पोम फाइल (मेव्हनची सेटिंग फाइल) उचलून आणली असेल तर त्यातली आवृत्ती बघा. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड साधनात "यूज जेयुनिट प्लॅटफॉर्म" ही ओळ लागते.

पायथनमध्ये टर्मिनलमधली नुसती "पायटेस्ट" ही कमांड वेगळ्याच इन्स्टॉलेशनची असू शकते. त्याऐवजी "पायथन -एम पायटेस्ट" असं चालवा. ज्या पायथनमध्ये तुमच्या लायब्ररी आहेत तोच वापरला जातो, शिवाय चालू फोल्डर शोधमार्गात येतो. "मॉड्यूल सापडलं नाही"ची बरीच प्रकरणं एवढ्यावर मिटतात.

डॉट नेटमध्ये टेस्ट एसडीकेचं पॅकेज आणि तुमच्या फ्रेमवर्कचा अ‍ॅडाप्टर ही दोन्ही टेस्ट प्रोजेक्टमध्ये हवीत. पीएचपीत मोठी आवृत्ती बदलली असेल तर चेंजलॉग वाचाच: पीएचपीयुनिट ११ पासून डेटा प्रोव्हायडर (टेस्टला वेगवेगळ्या किमती पुरवणारी मेथड) स्टॅटिक लागतो आणि १२ मध्ये कॉमेंटमधल्या खुणा चालत नाहीत, त्यांच्या जागी अ‍ॅट्रिब्यूट लिहावे लागतात.

पाचवी तपासणी: टेस्ट खरंच फेल होते आहे, पण आकड्यामुळं

इथं जरा थांबून वाचा. आपल्या भागातली बहुतेक सॉफ्टवेअर शेवटी कुणाच्या तरी पैशाचा हिशेब करतात.

०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये नेमकी ०.३ येत नाही, हे सगळ्या भाषांत सारखंच आहे. अशा ठिकाणी पायटेस्टचं "अ‍ॅप्रॉक्स", जेस्टचं "टू बी क्लोज टू", जेयुनिटमधला तिसरा डेल्टा आकडा वापरता येतो. फॅटची सरासरी काढताना हे चालेल. रुपयांच्या बाबतीत मात्र "साधारण बरोबर" ही तपासणी करू नका. रक्कम पूर्णांकात, म्हणजे रुपयांऐवजी पैशांमध्ये ठेवा, नाहीतर डेसिमल प्रकार वापरा.

राउंडिंगमध्ये तर भाषाच एकमेकींशी जुळत नाहीत. १२४२.५० रुपयांचं बिल पूर्ण रुपयात करा. पायथनचा "राउंड" १२४२ देतो, कारण तो अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. सी-शार्पचा "मॅथ डॉट राउंड"ही तसाच. जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि गो १२४३ देतात. मोबाइल अ‍ॅप जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हर पायथनमध्ये असेल तर एकाच पावतीवर दोन आकडे येतात, आणि दोन्हीकडच्या टेस्ट आपापल्या जागी पास असतात. उपाय असा: राउंडिंगचा नियम एकाच फंक्शनमध्ये ठेवा, तो नावानिशी सांगा (पायथनच्या डेसिमलमध्ये "राउंड हाफ अप", सी-शार्पमध्ये "अवे फ्रॉम झीरो") आणि नेमक्या पन्नास पैशांची टेस्ट लिहा. कोणता नियम बरोबर, हे प्रोग्रामरनं ठरवायचं नाही. संस्थेच्या हिशेबनिसाला विचारा, लेखी घ्या आणि टेस्टच्या नावातच तो नियम लिहा.

जावातल्या ४१.५० आणि ४१.५ च्या भांडणाचं कारण बिगडेसिमल. त्याचा "इक्वल्स" दशांशस्थळंही मोजतो. "कम्पेअर टू" वापरा. जेस्टमध्ये दोन ऑब्जेक्ट दिसायला सारखे असून फेल होत असतील तर "टू बी" काढून "टू इक्वल" घाला.

सहावी तपासणी: माझ्याकडं चालतं, तिकडं चालत नाही

आधी घड्याळ. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं आहे. पहाटे पाचला सुरू झालेलं दूध संकलन यूटीसीत आदल्या दिवशी रात्री साडेअकराचं ठरतं. साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदी कालच्या तारखेला जाऊन बसतात आणि सकाळ-संध्याकाळच्या पाळीचा हिशेब कोलमडतो. फंक्शनच्या आत "आत्ताची वेळ" विचारू नका, वेळ बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि एशिया-कोलकाता हा झोन स्पष्ट लिहा. मग टेस्टमध्ये पाच वाजून एकोणतीस मिनिटं आणि पाच एकतीस अशा दोन्ही वेळा देऊन बघता येतं.

मग मराठी मजकूर. विंडोजवर पायथननं फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर बऱ्याच आवृत्त्या यूटीएफ-८ धरत नाहीत आणि गावांची नावं वाचताना टेस्ट कोसळते. एन्कोडिंग प्रत्येक ठिकाणी लिहा. जावास्क्रिप्टमध्ये "एमआर-आयएन" लोकेलनं आकडा छापला की तो देवनागरी अंकांत येतो, आणि टेस्टमध्ये इंग्रजी अंक अपेक्षित असले की फेल.

याहून चिवट प्रकार "कऱ्हाड"चा. स्क्रीनवर दोन्ही नावं अगदी सारखी, टेस्ट म्हणते वेगळी. कारण "ऱ" हे एकच अक्षर म्हणून साठवता येतं किंवा "र" आणि खालचा नुक्ता असं दोन तुकड्यांतही. दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणल्या (नॉर्मलाइझ केल्या) की हे जुळतं. पण काही कीबोर्ड "र", हलन्त आणि अदृश्य झीरो विड्थ जॉइनर असं टाइप करतात, आणि ते नॉर्मलायझेशननं जुळत नाही. तो बदल तुम्हालाच कोडमध्ये करावा लागेल. गावांच्या यादीवर शोध चालवणाऱ्या प्रत्येकानं ही टेस्ट लिहावी असं मी आवर्जून सांगेन, कारण नाव सापडलं नाही की ऑपरेटर नवीन खातं उघडतो आणि एका सभासदाची दोन खाती होतात.

एकत्र चालवल्यावरच फेल होणाऱ्या टेस्ट एकमेकींचा डेटा वापरत असतात. ग्लोबल व्हेरिएबल, सामायिक यादी, मागं राहिलेली फाइल. प्रत्येक टेस्टनं स्वतःची तयारी स्वतः करावी. टेस्टचा क्रम बदलून चालवा, दोषी जोडी लवकर सापडते.

सातवी तपासणी: कोडच टेस्ट करण्याजोगा नाही

ही सगळ्यात कष्टाची, म्हणून शेवटी. एकाच फंक्शनमध्ये काट्याच्या सीरियल पोर्टवरून वजन वाचणं, डेटाबेसमधून दर आणणं, गुणाकार आणि पावती छापणं हे सगळं असेल तर युनिट टेस्ट लिहिताच येत नाही. कुठलंही फ्रेमवर्क इथं मदत करणार नाही.

सगळं एकदम फोडायला जाऊ नका. फक्त हिशेबाचा भाग उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये न्या: आत लिटर, फॅट, एसएनएफ, बाहेर रक्कम. त्याला टेस्ट लावा. मग काट्याकडून आलेली मजकुराची ओळ घेऊन त्यातून वजन काढणारा भाग वेगळा करा. अर्धवट ओळ, रिकामी ओळ, वजनाच्या जागी अक्षरं आलेली ओळ, यांच्या टेस्ट पोर्टशिवाय टेबलावर बसून चालतात. पोर्ट उघडण्याचा आणि पावती छापण्याचा कोड टेस्टशिवाय राहिला तरी चालेल. तो हातानं तपासा.

इथं थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा

टेस्ट चालवताना चालू डेटाबेसचा पत्ता वापरला जातो आहे असं दिसलं तर लगेच थांबा. "एकदा चालवून बघू" नाही. टेस्टच्या तयारीत बरेचदा टेबलं रिकामी केली जातात. बॅकअप परत चढवून बघितलेला आहे याची खात्री असलेल्या डेटाबेसवाल्या माणसाशिवाय पुढं जाऊ नका. पेमेंट किंवा एसएमएसची खरी सेवा जोडलेली असेल तरी हेच.

सी किंवा सी++ मध्ये टेस्ट फेल न होता प्रोग्रामच कोसळत असेल, आणि तोही दर वेळी वेगळ्या ठिकाणी, तर तो बहुधा मेमरीचा दोष असतो. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून एकदा चालवा. त्याचा रिपोर्ट समजला नाही तर अनुभवी माणसाला दाखवा, अंदाजानं पॉइंटर हलवू नका.

घड्याळ, क्रम आणि सामायिक डेटा तपासूनही टेस्ट कधी पास कधी फेल होत असेल आणि कोडमध्ये थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारी कामं) असतील, तर तिथंही एकट्यानं झुंजू नका. "तीनदा चालवून एकदा पास झाली तर चालेल" अशी सोय करणं तर अजिबात नको.

शेकडो जुन्या टेस्ट जेयुनिट ४ वरून ५ वर न्यायच्या असतील आणि बिल्ड फाइल कुणी लिहिली हेच माहीत नसेल, तर ज्यानं असं स्थलांतर आधी केलं आहे त्याचा एक दिवस विकत घ्या. तुमच्या आठवड्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

मदत मागायला जाल तेव्हा स्क्रीनचा फोटो नेऊ नका. चालवलेली कमांड, पूर्ण आउटपुट मजकुरात, भाषा आणि टेस्ट लायब्ररीची आवृत्ती, आणि दोष दाखवणारी सगळ्यात छोटी एक टेस्ट, एवढं घेऊन जा. त्यात सभासदांची खरी नावं किंवा खाते क्रमांक असतील तर आधी बदला.